जिनसेंगचं जेवण आणि बारा बाया

राईस मिलमध्ये दहा वर्षं काढलेल्या माणसानं काय लिहावं, हे वाचणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. पट्ट्यात सापडलेला हात, धुळीनं भरलेली छाती, बॉयलरजवळचा उन्हाळा. या सगळ्यावर मी पत्रकं लिहिली आहेत, कडक लिहिली आहेत, आणि त्यातलं एक अक्षरही मागे घेणार नाही. पण इथे मला एका जेवणाबद्दल लिहायचं आहे. त्या जेवणाला सात वर्षं झाली. त्या टेबलावर मी बरोबर वागलो की चूक, हे मला अजून नीट सांगता येत नाही, आणि ज्याला पत्रक लिहायची सवय आहे त्याला ‘सांगता येत नाही’ हे तीन शब्द लिहिताना फार त्रास होतो.

माझे बाबा विडी कामगारांच्या युनियनचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गुलाबी, पिवळी, पोपटी. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. पहिलीत बाईंनी फळ्यावर ‘कमळ’ लिहिलं तेव्हा मला ‘किमान वेतन’ वाचता येत होतं. जगात दोन बाजू असतात आणि त्यातली आपली कुठली, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

बाबांचे नियम मोजकेच होते. एक नियम असा की मालकाशी बोलणी चालू असताना त्याच्याकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. कारण ते साधंच सांगायचे, “च्या पेला का मानूस वरडत नाई. हळू बोलते.” मी आयटीआय करून गोंदियाजवळ मुर्रीकडच्या एका मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो तेव्हा हा नियम सोबत घेऊनच गेलो.

आता थोडं धंद्याबद्दल. धान मिलमध्ये येतं, भुसा निघतो, कोंडा निघतो, तांदूळ पांढरा होतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण त्या पांढऱ्या तांदळात काळा, पिवळा, डाग पडलेला दाणा राहतोच, आणि बाहेरचा व्यापारी मूठभर तांदूळ हातात घेऊन पहिल्यांदा तोच शोधतो. आमच्याकडे तो दाणा बावीस बाया वेचायच्या. ताडपत्रीवर ओळीनं बसायच्या, पुढ्यात सूप, आणि बोटं अशी चालायची की पाहणाऱ्याला गरगरावं. त्यांच्यात फुलवंताबाई सगळ्यात तेज. ती वेचता वेचता बाजूच्या बाईशी भांडत असायची, सुपाकडे पाहायचीही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “काळा दाना डोऱ्यानं नाई दिसत गा इंजिनेर, बोटाले लागते.” मला सगळ्या बाया ‘इंजिनेर’च म्हणायच्या. मी नव्हतो म्हणूनच म्हणायच्या.

हेच काम करणारी मशीन म्हणजे सॉर्टर. तांदूळ उतरत्या पन्हाळीवरून घसरत येतो, खाली कॅमेरे प्रत्येक दाणा पाहतात, डाग दिसला की हवेची बारीक फुंकर त्या दाण्याला बाजूला उडवते. चालू मशीनजवळ उभं राहिलं तर भट्टीत फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो. मात्र फुंकर एका दाण्याला मारली तरी शेजारचे चार चांगले दाणेही उडतात. म्हणजे बाजूला पडलेल्या ढिगात चांगला तांदूळ पुष्कळ असतो. तो परत मिळवायचे दोन रस्ते. मोठी मशीन घ्यायची, ती हा ढीग पुन्हा स्वतःच तपासते आणि मग माणूस लागत नाही. किंवा लहान मशीन घ्यायची आणि ढीग हातानं वेचून घ्यायचा. आमच्या बावीस बाया या दोन रस्त्यांच्या मध्ये उभ्या होत्या.

मिलचे मालक शेठजी सॉर्टर घेणार अशी कुणकुण लागली आणि मी पत्रक काढलं. ‘मशीन येऊ द्या, बाया जाणार नाहीत.’ पहिली बैठक झाली. शेठजी शांतपणे म्हणाले की आधी मशीन पाहून येऊ, मग बोलू. मशीन कोरियातली होती, ती विकणाऱ्यांचं ऑफिस चेन्नईला होतं, आणि मशीनचं पुस्तक इंग्रजीत. मिलमध्ये इंग्रजी पुस्तक उघडणारा मी एकटाच. म्हणून ज्याच्याशी भांडण चालू आहे त्याच्याच सोबत मी चेन्नईला निघालो. प्रवास हे काम आहे, तिकीट चालेल, जेवण माझं मी बघेन, असं मी शेठजींना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, “जैसी तेरी मर्ज़ी।” आईनं चिवडा आणि गूळ बांधून दिला. निघताना फुलवंताबाईनं मिलच्या दारातून ओरडून सांगितलं की तिकडे समुद्र पाहून आम्हाला विसरू नको.

त्या ऑफिसात चोई नावाचे एक कोरियन इंजिनिअर होते. साठीच्या आसपासचे, बारीक, पांढरे केस, बोलताना हात पोटाशी जोडलेले. आम्ही गोंदियाहून आपलाच तांदूळ पोत्यात घालून नेला होता. मशीन बघायची तर ती आपल्या दाण्यावरच बघायची असते, दुसऱ्याच्या दाण्यावर कुणाचीही मशीन छान चालते. दोन दिवस आम्ही तो तांदूळ त्या मशीनमधून काढत होतो. चोईंचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, पण दोघांनाही तांदूळ कळत होता, त्यामुळे निभावत होतं. चिवडा पहिल्याच दिवशी संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी पॅनल बंद करताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मशीनच्या पायरीवर बसलो. चोईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, चला, आज जेवायला मी नेतो.

त्यांनी नेऊन बसवलं ती खानावळ पहिल्या मजल्यावर होती. खानावळ म्हणतोय, पण आत देवळासारखी शांतता. भिंतीवर काचेच्या मोठ्या बरणीत एक मूळ तरंगत होतं. त्याला दोन पाय होते, दोन हात होते आणि दाढीसारख्या तंतूंचं जंजाळ होतं. कचारगडच्या जत्रेत जंगलातल्या मुळ्या मांडून बसणारे म्हातारे मी पाहिले आहेत, पण त्यांची मुळी मुळीसारखी दिसते. ही माणसासारखी होती आणि माझ्याकडे बघत होती. चोई म्हणाले, जिनसेंग. आजचं जेवण सगळं ह्याचंच. त्यांच्या देशात वर्षातले सर्वांत गरम दिवस असतात तेव्हा हे खातात, गेलेली ताकद परत येते.

मग बशा यायला लागल्या. आम्ही काही मागवलेलं नव्हतं तरी टेबल भरून गेलं. मधात बुडवलेल्या मुळीच्या चकत्या. पिठात घोळवून तळलेली अख्खी मुळी, भज्यासारखी. कसली तरी लाल तिखट कोबी. अंगठ्याएवढ्या पेल्यात मुळीची दारू. आणि शेवटी प्रत्येकापुढे काळं दगडी भांडं, त्यात उकळणारा पांढरा रस्सा, आणि रश्श्यात एक पूर्ण कोंबडी. लहानशी, पाय दुमडून बसलेली. बाहेर चेन्नईचा जुलै, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि समोर उकळतं भांडं. गोंदियात मे महिन्यात कुणी म्हणालं असतं की उन्हावर उपाय म्हणून उकळता रस्सा प्या, तर त्याच्याच डोक्यावर ओला दुपट्टा ठेवून त्याला झोपवलं असतं.

शेठजी कांदाही न खाणारे. त्यांनी आपलं भांडं हसत बाजूला सरकवलं, पिशवीतून डबा काढला आणि पुऱ्या व लोणचं मांडून बसले. मुळीचं भजं तेवढं घेतलं. मी हात मांडीवर ठेवून बसलो. भुकेनं पोटात कळ येत होती, पण बोलणी चालू होती.

चोईंनी चमचा उचलला. त्यांच्यात आधी वयानं मोठा माणूस चमचा उचलतो, मग बाकीचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हललो नाही. त्यांनी चमचा परत ठेवला. मग तेही जेवेनात. तीन भांडी उकळत राहिली आणि तिघांमधले एकटे शेठजी पुरी खात राहिले. मध्येच त्यांनी मला सांगितलं की साहेबांना विचार, आमच्या तांदळाला लहान मशीन पुरेल की मोठी लागेल. मी विचारलं. चोईंनी मान हलवली. आधी जेवण, मग मशीन.

मग त्यांनी मला विचारलं की तुमच्या धर्मातही कोंबडी चालत नाही का. मी सांगितलं की धर्माचं काही नाही, आमची मालकाशी बोलणी चालू आहेत, मालकाचं अन्न घेता येत नाही. हे इंग्रजीत सांगताना मला घाम फुटला. शेठजींनी मी काय म्हणालो ते ओळखलं. म्हणाले, “बोल उनको, इसका भगवान पर्चे में रहता है। अगरबत्ती नहीं लगती, पर उपवास पूरा लगता है।” आणि हेसुद्धा इंग्रजीत करायचं काम माझंच होतं. मी इमानदारीनं केलं.

चोईंनी माझ्या चमच्याचा दांडा माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, पण हे जेवण तुमच्या मालकाचं नाही. माझं आहे.

इथून माझा गोंधळ सुरू झाला. बाबांच्या नियमात मालक होता. मालकाला मशीन विकणारा नव्हता. विकणारा कोणाच्या बाजूचा? त्याची मशीन बायांच्या पोटावर येणार, म्हणजे तो तिकडचा. पण तोही कुठल्या तरी कंपनीचा नोकर, हातावर ग्रीसचे डाग, म्हणजे तो इकडचा. घरातलं एकही पत्रक मला आठवेना ज्यात कोरियन इंजिनिअरच्या कोंबडीबद्दल काही लिहिलेलं होतं.

तेवढ्यात चोईंनी आपल्या जेवायच्या काड्यांनी माझ्या भांड्यातली कोंबडी मधोमध उकलली. आतून भात बाहेर आला. कोंबडीच्या पोटात भात भरलेला होता, त्यात एक खजुरासारखं लाल फळ आणि तीच ती मुळी. चोई म्हणाले, “तुम्ही तांदळाचे लोक आहात. जेवू नका. फक्त हा तांदूळ कसा आहे ते सांगा.”

तांदूळ कसा आहे हे मला कुणीही, कुठेही विचारलं तरी मी दाणा तोंडात टाकणारच. ते माझं काम आहे. मी चार शितं उचलली. दाण्याला दाणा चिकटलेला. आपल्याकडे पंगतीत असा भात आला तर आचाऱ्याला पुन्हा कुणी बोलावणार नाही. पण दाताखाली प्रत्येक शीत अख्खं लागत होतं, एकही फुटलेलं नाही. चिकट आणि तरीही अख्खं. असा तांदूळ मी पाहिला नव्हता. मी ते चोईंना सांगितलं आणि त्यांनी आनंदानं टेबलावर बोटं वाजवली.

पहिला घास मी काम म्हणून खाल्ला. बाकीची कोंबडी काम नव्हती.

मी सगळं खाल्लं. रस्सा प्यालो, हाडं चोखली, ती मुळीही चावून खाल्ली. तिची चव सांगणं कठीण आहे. आधी गुळवेलीसारखी कडू, मग नुकत्याच नांगरलेल्या बांधीतल्या मातीचा वास, आणि घशाखाली उतरल्यावर कुठून तरी गोडी येते. आवडली का म्हणाल तर नाही. अजून खावीशी वाटली का म्हणाल तर हो. कानामागून घाम वाहत होता आणि अंग हलकं झालं होतं. शेठजींनी लोणच्याची फोड चघळत माझ्याकडे एकदा पाहिलं. मग डब्यातली पुढची पुरी उचलली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पोट भरल्यावर मला धीर आला. आता तरी बायांसाठी काही करावं म्हणून मी स्वतःच्या डोक्यानं चोईंना विचारलं की लहान मशीन घेतली आणि बाजूला पडणारा ढीग हातानं वेचला, तर चालेल का? चोई म्हणाले, मोठी मशीन चांगली, पण लहानही चालेल. हात चांगले हवेत. आमच्याकडे हात फार चांगले आहेत, मी म्हणालो. त्यांनी खिशातून नमुन्याची पुडी काढली, कागदी रुमालावर दाणे पसरले आणि विचारलं की तुमची एक बाई तासाभरात किती वेचते.

मी फुलवंताबाईचं सांगितलं.

का सांगितलं? आजही मनानं त्या खुर्चीत बसून मी स्वतःला विचारतो. अभिमान होता. एका परदेशी माणसासमोर, मशीन बनवणाऱ्यासमोर, आमच्या मुर्रीच्या बाईचा हात किती तेज आहे हे मला सांगायचं होतं. चोईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी विश्वास बसत नाही असं म्हटलं, तर मी शपथेवर सांगितलं. मग त्यांनी रुमालाच्या कडेला गणित केलं आणि खाली आकडा लिहिला. बारा.

शेठजी म्हणाले, “क्या बोला?” मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. मोठी मशीन चांगली, आणि लहान घेतली तर बारा बाया पुरतील. त्या काळात आमच्याकडे दिवसातून आठ-आठ तास वीज जायची. शेठजींनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, “छोटी ले लेते हैं। बिजली जाएगी तो भी बारा जनी बैठी चुनती रहेंगी।” मशीन ठरली. नंतर मुळीचा चहा आला, मुळीच्या गोळ्या आल्या. मी त्याही खाल्ल्या. परतीच्या गाडीत मी खूश होतो. बावीसच्या बावीस जाणार होत्या, मी बारा वाचवल्या होत्या.

दहा गेल्या, हे मला गाडीत सुचलं नाही. मिलच्या अंगणात, बैठकीत सुचलं. शेठजी सगळ्या बायांसमोर म्हणाले की बाराचं तर तिकडेच ठरलं, तुमच्याच माणसासमोर. बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. मी वाद घातला, आवाज चढवला, त्याच रात्री दुसरं पत्रक लिहायला घेतलं. पण बाबांचं म्हणणं खरं होतं. माझा आवाज हवा तितका चढत नव्हता.

घरी मी बाबांना सगळं सांगितलं. ते खाटेवर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तो मशीनवाला आपला का मालकाचा?”

“मधला,” मी म्हणालो.

ते खाटेवर आडवे झाले. मग म्हणाले, “मदल्याचा नेम नाई आपल्यात.” आणि कूस बदलून झोपले. त्यांनी मला रागवावं असं मला फार वाटत होतं.

कोणत्या दहा, हे शेठजींनी ठरवू नये एवढी एक गोष्ट मी मिळवली. बायांनी ते आपलं आपण ठरवलं. एक पूर्ण दुपार ताडपत्रीवर बसल्या, भांडल्या, रडल्या, कुणाच्या घरी कोण कमावतं ते सगळं बाहेर काढलं. पहिलं नाव फुलवंताबाईनं स्वतःचं दिलं. तिचा नवरा ढिवर, तलावात मासे धरायचं काम होतं, मुलगा हाताशी आला होता. “माया घरी दोन हात हायेत, माव नाव घाला,” असं म्हणून ती उठली आणि सूप झटकून भिंतीला टेकवून गेली. सगळ्यात तेज हात पहिल्यांदा गेला. राहिलेल्या बाराजणींना तो ढीग कधीच वेळेत पुरा होईना. कसा होणार? आकडा तिच्या बोटांवर काढलेला होता. अंधार पडला तरी त्या वाकून बसलेल्या असायच्या आणि मी वर मशीनच्या काचा पुसत असायचो. कोणाच्या हाताचं माप मी दिलं होतं, हे मी मिलमध्ये कुणालाच सांगितलं नाही. पत्रकातही लिहिलं नाही.

चार वर्षांनी मोठी मशीन आली आणि त्या बाराही गेल्या. मालकांबद्दलचं माझं मत तेव्हा बदललं नाही, आताही बदललेलं नाही. मीही ती मिल सोडली. आता बालाघाटपासून राजनांदगावपर्यंत सॉर्टर दुरुस्त करत फिरतो. मशीनला चांगला हात लावणारा म्हणून मला लोक लांबून बोलावतात आणि त्याचा मला अभिमान वाटतो, आणि वाटतो म्हणून रागही येतो.

गेल्या हिवाळ्यात बिरसीच्या रस्त्याला एका मिलवर जात होतो. विमान उडवायला शिकवतात त्या मैदानाच्या अलीकडे वळणावर फुलवंताबाई उकडलेले शिंगाडे विकत बसली होती. केस पिकलेले, बोटं काळी पडलेली, पण शिंगाडा सोलायचा वेग तोच. तिनं मला ओळखलं. मी गाडी लावली आणि जवळ दगडावर बसलो. इकडचं तिकडचं झाल्यावर तीच म्हणाली, “काऊन गा इंजिनेर, त्या चिन्यानं तुले का खाऊ घातलं होतं? लई दिवसाचं इचारीन म्हनत होती.”

मी सांगितलं. कोंबडीच्या पोटातला भात, माणसासारखी मुळी, उकळतं भांडं. ती हसून हसून वाकली. उन्हाळ्यात रस्सा कोण पितो, म्हणाली. आणि मग, ती हसतच असताना, मी ते दुसरंही सांगून टाकलं. तासाला किती, असं विचारलं होतं. मी तुझं सांगितलं. त्यावरून बारा निघाले.

तिचं हसणं थांबलं. सोलता सोलता बोटं मात्र थांबली नाहीत. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ तिनं शिंगाड्यांवरून फुंकून टाकली.

“सगळ्यायचं माप माया हातानं कायले घेतलं?” ती म्हणाली.

मी म्हणालो की मला तुझा अभिमान होता.

“ते ठीक हाये,” ती म्हणाली. “पन जेवाच्या आदी आमाले इचाराचं होतं. मले इचारलं असतं त मीच म्हनलं असतं, सांग त्याले, बाई लई हळू येचते.”

तिनं कागदात शिंगाडे बांधून माझ्या हातात दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.